थोरल्या जाऊबाईंनी वापरलेलं हँडल

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती दुसऱ्या कुणीतरी घेऊन, शक्यतो फसून पाहिलेली असावी, ही मानवजातीची फार जुनी आणि रास्त इच्छा आहे. पूर्वी हे काम शेजारी करत. शेजाऱ्याने मिक्सर घेतला की आपण भिंतीला कान लावायचा, आठवडाभर तिकडून जळका वास आला नाही की मग दुकानाची पायरी चढायची. शेजारी नसेल तिथे मेहुणा असे. मेहुण्याला सगळ्याच वस्तूंमधलं कळत असे (अजूनही कळतं, पण आता त्याला विचारतंय कोण). पुढे दारं बंद झाली, मेहुणे नोकरीनिमित्त लांब गेले आणि समाजात अनुभवाचा भयंकर तुटवडा पडला. वस्तू ढीगभर, पण ती आधी वापरून बसलेला माणूस औषधालाही मिळेना.

हा तुटवडा भरून काढण्याचं काम आमचं कार्यालय करतं.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली दाताचा दवाखाना आहे आणि दिवसभर ड्रिलचा आवाज वर येतो. त्यामुळे आमच्या लेखनाला आपोआप कळकळ येते, असं आमचे अनुभवप्रमुख म्हणतात. दारावर पाटी आहे, 'अनुभव विभाग'. एकूण कर्मचारी नऊ. त्या नऊजणांचे मिळून ब्लॉग एकतीस. 'निवृत्त इंजिनियर' हा ब्लॉग (विषय: पंप, पंखे, बॅटऱ्या) तेवीस वर्षांची एक मुलगी लिहिते, तिच्या घरी बल्ब गेला की ती भावाला फोन लावते. 'धावणारे काका' लिहिणारे गृहस्थ पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा लिफ्टची वाट बघत उभे राहतात, पण बुटांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. 'नवी आई' हे सदर दोन बिनलग्नाचे तरुण आळीपाळीने चालवतात. त्यांचं बाळ गेली चार वर्षं आठ महिन्यांचं आहे, कारण आठव्या महिन्यात वस्तू सगळ्यात जास्त लागतात.

मी 'थोरल्या जाऊबाई' लिहितो.

हे पद मला वारशाने मिळालं. आधीच्या जाऊबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत (त्यांना खरोखरच्या आठ महिन्यांच्या बाळाने गाठलं). जाताना त्यांनी मला जाऊबाईंची फाईल सोपवली. डावा गुडघा दुखतो. यजमान फिरतीवर असतात. मोठ्याला धुळीची ॲलर्जी, धाकटी खायला कटकट करते. सासूबाई कडक, पण मनाने चांगल्या. धाकट्या जावेशी पटतं, फार नाही. हे सगळं मी पाठ केलं, आणि खोटं कशाला बोलू, दोनेक महिन्यांत चढताना माझाही डावा गुडघा कुरकुरायला लागला.

कामाची पद्धत अशी. बनवणाऱ्याकडून आमच्याकडे वस्तू येत नाही, वस्तूचं माहितीपत्रक येतं. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. मीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "साहेब, वस्तू कधी येणार?" अनुभवप्रमुखांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि प्रेमाने समजावलं, "हे बघा, वस्तू वापरली की माणसाचं मत बनतं. आणि मत बनलं की तो निःपक्ष राहत नाही." तेव्हापासून मला हे अगदी पटलेलं आहे.

लेखनाचे नियम छापील असून ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. पहिला नियम, वस्तू किमान सहा आठवडे वापरलेली असावी. (माहितीपत्रक सकाळी आल्यास सहा आठवडे जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण करावेत.) दुसरा, घरात एक वडीलधारं माणूस असावं; त्याने वस्तू बघून आधी नाक मुरडावं, मग हसावं. तिसरा नियम मागच्या वर्षी वगळण्यात आला, तो काय होता हे आता कुणाला आठवत नाही. चौथा सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक वस्तूत एक खोट दाखवावी. खोट रंगाची, खोक्याची किंवा आवाजाची असावी, कामाची नसावी.

चौथा नियम म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण आहे. आम्ही केलेल्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर वाचक लेखाची सुरुवात आणि खोट एवढंच वाचतात. उरलेले एकोणतीस नुसती खोट वाचतात. ज्या लेखात खोट नाही त्याला लोक जाहिरात म्हणतात. 'झाकण जरा घट्ट बसतं' एवढं एक वाक्य घातलं की तोच मजकूर अनुभव होतो. माणसाने माणसावर इतक्या स्वस्तात विश्वास ठेवावा, हे बघून मला कित्येकदा भरून आलं आहे.

आता माझ्या घरची परिस्थिती निवेदन करतो.

माझी बायको पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. एकेक नमुना तीनदा तपासल्याशिवाय ती कागदावर सही करत नाही. एकदा तिचे वरिष्ठ म्हणाले, "दोनदा पुरे की हो," तर तिने तो नमुना ग्लासात ओतून त्यांच्यापुढे ठेवला, "घ्या, प्या." तेव्हापासून तिच्या वाटेला कुणी जात नाही. अशी ही बाई थोरल्या जाऊबाईंची निस्सीम वाचक आहे. तिचं म्हणणं साधं आहे. आपल्याला जगातलं सगळंच तपासून बघता येत नाही, तर ज्याने तपासलंय त्याचं ऐकावं. सहा आठवडे वापरलंय म्हटल्यावर जाऊबाई तिच्या लेखी तिच्याच खात्यातल्या.

मला मात्र तोंड उघडायची सोय नाही. नोकरीत रुजू होताना मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे. जाऊबाई कोण, हे आईवडील, पती अथवा पत्नी, भावंडं आणि सासरची मंडळी यांपैकी कुणालाही सांगण्यास मनाई आहे. त्यामुळे आमच्या घरात फरशी पुसायचा दांडा आला, गळका थर्मास आला, तीन उशा आल्या, आणि मी गप्प. त्यांतल्या एका उशीने माझी मान धरली. तक्रार केली तर बायकोने मोबाइल काढून मला वाचून दाखवलं, "'पहिले काही दिवस मान अवघडल्यासारखी वाटेल. घाबरू नका, ती सरळ होत असते.' बघा! जाऊबाईंनी लिहूनच ठेवलंय." हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी खुशीत दोन कप चहा प्यायलो होतो. माझ्याच घरात माझा शब्द इतका मानला जातो हे बघून अभिमान वाटायचा, आणि तो मी म्हणून मानला जात नाही याची जळफळ व्हायची, दोन्ही एकदमच.

घरात तिसरं माणूस माझी आई. वय शहात्तर. तिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कापड हातात आलं की ते चिमटीत धरून दोन्हीकडून ओढायचं, ही तिची सवय. दुकानदार कितीही गोड बोलो, ही ओढणार म्हणजे ओढणार. कापड तर सोडाच, पिशवीचा बंद, खुर्चीची पाठ, दाराची कडी, सगळं ती ओढून बघते. "लग्नाआधी बघायला आल्या तेव्हा आईंनी माझा हातसुद्धा असाच ओढून पाहिला होता," असं माझी बायको अजून हसत सांगते. आई म्हणते, "मग? टिकलीस ना?"

सहा महिन्यांपूर्वी आईचा पाय न्हाणीघरात सरकला. तिने नळ धरला. नळ हातात आला पण आई वाचली. डॉक्टरीणबाईंनी हाडं तपासली आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन बजावलं, "आता एकदाही पडून चालायचं नाही हं. एकदाही." त्या दिवसापासून आई आंघोळीला गेली की दार नुसतं लोटून घ्यायची, आणि आम्ही दोघं बाहेर पेपर उघडून पाण्याचा आवाज ऐकत बसायचो. बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला नाही की माझा जीव वरखाली व्हायचा.

"भिंतीला धरायला काहीतरी लावलं पाहिजे," मी म्हणालो. "चांगलं लोखंडी. स्क्रूने."

"घरमालक टाइलला भोक पाडू देईल?"

"छे! शक्यच नाही." (त्याला विचारलं नव्हतं. भाडेकरूला काही गोष्टी न विचारताच कळतात.)

"मग जाऊबाईंनी सांगितलंय ना, ते रबरी चकत्यांचं हँडल. नुसतं दाबलं की चिकटतं. भोक नाही, घरमालक नाही, काही नाही. तेच मागवते."

मी पेपर खाली ठेवला.

त्या हँडलवर मी चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. माहितीपत्रकावर छापलं होतं, 'ऐंशी किलो भार पेलते', आणि ऐंशीच्या डोक्यावर एक चांदणी होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चांदणीचा खुलासा होता: काचेवर, कोरड्या हवेत, टांगलेला भार, शरीराचा तोल सावरण्यासाठी नाही. आता जाऊबाई काही चांदण्या वाचणारी बाई नव्हे, तिला संसार आहे. म्हणून चांदणी मी गाळली. पुढे लिहिलं, 'सासूबाई आधी म्हणाल्या, हे कसलं खेळणं! आता त्याला धरल्याशिवाय त्या पाऊल टाकत नाहीत.' खोट दाखवली होती ती अशी: निळा रंग मिळत नाही.

"नको," मी म्हणालो. "असल्या चिकटणाऱ्या वस्तूंवर माझा विश्वास नाही."

"तुमचा कशावर आहे? त्या बाईने सहा आठवडे वापरलंय. तिच्या सासूबाई रोज धरतात."

"तिला सासूबाईच नसतील तर?"

"अहो, काय बोलताय! भरल्या घरातल्या बाईबद्दल."

शेवटी मी सगळे कागद धाब्यावर बसवले. आवाज खाली घेऊन सांगितलं, "हे बघ, थोरल्या जाऊबाई मी आहे. ते सगळं मी लिहितो."

बायको अशी हसली की आई आतून विचारायला आली. "तुम्ही? आपला केरसुणीचा कोपरा कुठला ते सांगा बघू आधी."

मला तो सांगता आला नाही. मग मी जाऊबाईंच्या डाव्या गुडघ्याचं सांगितलं, मोठ्याच्या ॲलर्जीचं, धाकट्या जावेचं. ती एकदम खूश झाली. "म्हणजे तुम्ही पण चोरून वाचता तर! मग आधी बोलायचं नाही का?"

उपाय उरला तो कार्यालयात. मी अनुभवप्रमुखांकडे गेलो आणि हँडलचा लेख काढून टाकावा अशी विनंती केली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. खाली कुणाची तरी दाढ कोरली जात होती.

"लेख मागे घेता येत नाही," ते म्हणाले. "अनुभव आला तो आला. आला नव्हता असं आता कोणत्या तोंडाने म्हणणार? मात्र अनुभवात भर घालता येते."

भर घालण्यासाठी वेगळा अर्ज आहे. तो मी तीन प्रतींत भरला. 'वाढीव अनुभव' या रकान्यात स्वच्छ लिहिलं: ओढलं तर हे निघतं. अर्ज संध्याकाळी साहेबांच्या लाल दुरुस्त्या होऊन परत आला. शेरा होता: 'खोट कामाची आहे. चौथ्या नियमात बसवावी.' आणि माझ्या वाक्याच्या जागी त्यांच्या वळणदार अक्षरात दुसरं वाक्य होतं: 'नवं असताना ओढून पाहू नका, पकड बसायला वेळ द्या.' मी वाचलं. निदान 'ओढून' हा शब्द तरी राहिला, असं मनाशी म्हटलं आणि तिन्ही प्रतींवर सही करून दिली.

त्या आठवड्यात हँडलची मागणी तिपटीने वाढली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. घरी आलो तर बायको दारातच उभी. "बघा, किती प्रामाणिक बाई! चार महिन्यांनीसुद्धा आठवणीने खोट सांगतेय. कोण करतं हो एवढं? मी मागवलं लगेच."

शनिवारी हँडल आलं. बायकोने टाइल स्पिरिटने तीनदा पुसली, हँडल दाबून बसवलं, वेळ लिहून ठेवली आणि चोवीस तास कुणाला हात लावू दिला नाही. रविवारी आम्ही तिघं न्हाणीघरात उभे राहिलो. पांढरंशुभ्र हँडल, दिसायला फार छान. आईचा हात सवयीने पुढे झाला.

"आई, ओढू नका हं! जाऊबाईंनी नाही म्हटलंय."

"अगं, ओढल्याशिवाय कळणार कसं?"

"त्यांना कळलंय ना. त्यांच्या सासूबाई रोज धरतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू दे ना आई, बसू दे पकड." तिने हात मागे घेतला. चाळीस वर्षांत तिने न ओढता घेतलेली ही पहिली वस्तू. नंतर दोघी बाहेर गेल्यावर मी एकटाच आत थांबलो आणि दोन बोटांनी हँडल हलकंच ओढलं. ते हललं नाही. जोरात ओढायचा मला धीर झाला नाही. निघालं असतं तर पुढे काय काय सांगावं लागलं असतं, याची भीती वाटली.

बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो. आतून आधी बाटलीचं बूच निघावं तसा आवाज आला, आणि लगेच दुसरा. तो दुसरा आवाज कसा होता ते मला लिहायचं नाही. बायको माझ्या आधी पोचली. आई भिंतीपाशी आडवी झाली होती, उजवा हात अंगाखाली, आणि डाव्या मुठीत ते हँडल. तिने ते सोडलं नव्हतं. मी घाबरलो. तोंडाला साबण तसाच. आई मलाच म्हणाली, "अरे, तोंड तर धू आधी."

उजवं मनगट मोडलं होतं. त्याच हाताने ती शिवायची. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी एकदा आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "ती तुमची बाई कोण आहे मला ठाऊक नाही. पण तिच्या सासूने ते ओढून बघितलं नव्हतं, एवढं नक्की."

तिसऱ्या दिवशी कार्यालयात मी जाऊबाईंना आलेली पत्रं उघडली. त्यात एक लांबलचक पत्र होतं. अक्षर छापील असलं तरी मला ओळखू आलं. 'थोरल्या जाऊबाई, मी पाणी तपासते. माझ्या हातून सहसा चूक होत नाही. पण माझ्या सासूबाई परवा पडल्या. मी टाइल तीनदा पुसली होती. चौथ्यांदा पुसायला हवी होती का? त्या ओढून बघत होत्या, मीच त्यांना नको म्हटलं. तुमच्या सासूबाईंच्या वेळी तुम्ही नेमकं काय केलं होतं ते सांगाल का? मला नीट झोप लागत नाहीये.'

अशा पत्रांसाठी उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, टाइल नीट पुसली होती का. दुसरं, प्रत्येक घर वेगळं असतं. तिसरं, हात जोडल्याचं चित्र. घरी ही बाई तीन दिवस माझ्यासमोर जेवत होती आणि ह्यातलं अक्षर बोलली नव्हती. मला स्वतःची शरम वाटली. मग मी लिहिलं, 'चूक तुमची नाही. माझी आहे. ते हँडल मी कधी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. मला सासूबाई नाहीत. मला माफ करा.' आणि साहेबांना न विचारता ते ब्लॉगवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं.

दुपारी बोलावणं आलं. टेबलाचा खण आवरूनच गेलो. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"चार तासांत तेवीसशे उत्तरं आली आहेत," ते म्हणाले. "वाचा."

मी वाचली. 'एवढं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं, जाऊबाई.' 'आता तर तुमच्यावर आणखीनच विश्वास बसला.' 'रडू आलं.' हँडल बनवणाऱ्याला कुणी काही म्हणत नव्हतं, सासूबाई नाहीत म्हणजे काय हेही कुणी विचारत नव्हतं (बऱ्याच जणांनी त्या वारल्या असा अर्थ घेऊन सांत्वन केलं होतं). मात्र तेवीसशेंपैकी अठराशेजणांनी शेवटी एकच प्रश्न विचारला होता: मग आता कुठलं घ्यायचं?

संध्याकाळी बायको खुर्चीत बसून तेच वाचत होती. डोळे पुसत म्हणाली, "बाईचं मन किती मोठं, बघा. कोण कबूल करतं हो?"

"ती बाई मी आहे," मी दुसऱ्यांदा सांगितलं. "खरंच. आईला मी पाडलं."

तिने माझा हात हातात घेतला. "तिचं पाप तुम्ही कशाला आपल्या डोक्यावर घेता? झालं गेलं. आता ती सांगेल ते नीट बघून आणू."

दुसऱ्या दिवशी मी घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "अहो, मग इतके दिवस थांबलात कशाला? पाडा की भोक." प्लंबर आला, अर्ध्या तासात स्टीलचा दांडा बसवून गेला. दोन्ही टोकांना दोन दोन, असे चार स्क्रू. आई आत गेली. डाव्या हाताने दांडा धरून तिने ओढला, मग पाय रेटून ओढला, मग जवळपास लोंबकळलीच. बाहेर येऊन म्हणाली, "हं. हा माझ्याच्याने निघत नाही." पुढे मनगट जुळलं, पण सुईत दोरा ओवताना बोटं अजून थरथरतात. ती मला हाक मारते आणि मी ओवून देतो.

कार्यालयात या घटनेची योग्य ती दखल घेण्यात आली. खोटीचे दिवस संपले, असं साहेबांनी परिपत्रकच काढलं. नव्या पाहणीनुसार खोट दाखवली तर शंभरातले चौतीस लोक वस्तू घेतात, पण लिहिणाऱ्याने आपला गुन्हा कबूल केला तर सत्त्याऐंशी घेतात. त्यानुसार 'कबुली कक्ष' स्थापन झाला असून मी त्याचा प्रमुख आहे. काचेखाली नवे नियम आले आहेत. लिहिणारा शक्यतो पुरुष असावा, आणि त्याने आपल्याच कार्यालयाची यथेच्छ टिंगल करावी. आई असावी, म्हातारी असावी, हाताने काहीतरी करणारी असावी. हाड मोडावं, पण मनगटाचं. खुब्याचं मोडलं तर वाचक पुढे जात नाहीत. बायको हुशार दाखवावी, म्हणजे तिच्या फसण्याने वाचकाला स्वतःची लाज वाटत नाही. आणि वस्तूची शिफारस करू नये. ती जाता जाता, एका परिच्छेदात, कुणाच्या तरी हाताने ओढून दाखवावी.

आता तुम्ही विचाराल, मग तुमची आई तरी खरी आहे का? खरी आहे हो. आत्ताच सुईसाठी हाक मारून गेली. जाऊबाईंना विचारलं असतंत तर त्यांनीही सासूबाईंबद्दल हेच सांगितलं असतं.

त्या दांड्याचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर पडलेलं आहे. त्यावर चांदणी आहे की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. स्क्रू किती, ते मात्र तुमच्या लक्षात राहिलं आहे. तुमच्याही घरात कुणाची तरी आई आहे, म्हणून तुम्ही ते लक्षात ठेवलंत. माझी आई तुमच्या जागी असती, तर तिने आधी मला ओढून पाहिलं असतं.